परसातला हळवा भोपळा

मंडळी, भातात हळवे कोणते आणि गरवे कोणते, हे भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीसारख्या भाताच्या गावी कोणाला समजावून सांगावे लागत नाही. लवकर हाती येते ते हळवे. मग परसातल्या भोपळ्यालाही हळवा-गरवा का म्हणू नये? आज सांगायचे आहे ते या हळव्या भोपळ्याबद्दल. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये म्हणतात. भोपळ्याचे मात्र आधी शोधलेच पाहिजे, कारण तिथे मोठा घोटाळा आहे.

आपण भोपळा म्हणतो तो एक नव्हे, दोन. एक दुध्या आणि दुसरा लाल, ज्याला कोणी डांगर म्हणतात, कोणी काशीफळ. दुध्या मूळचा आफ्रिकेतला, पण आपल्या देशात तो फार प्राचीन काळापासून नांदतो आहे. वाळला की त्याचा तुंबा होतो. बैराग्याच्या हातात तोच, वीणेला तोच, विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीलाही तोच. ठाणे-पालघरकडच्या पाड्यांवर वारली लोक तारपा वाजवतात, त्यातही वाळलेला दुध्याच असतो. लाल भोपळा आपला खाण्यापुरता.

हा लाल भोपळा अमेरिकेतून आलेला. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या एका गुहेत त्याच्या भावकीतल्या भोपळ्याचे बी सापडले, ते सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचे ठरले. पण कोलंबस अमेरिकेला पोहोचला १४९२ साली आणि वास्को द गामा कालिकतला लागला १४९८ साली. म्हणजे त्याआधी आपल्या मांडवावर लाल भोपळा लोंबत असणे शक्य नाही. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. वसईपासून भिवंडी ती किती लांब! पोर्तुगीजांच्या त्या अमदानीत अमेरिकेतली बरीच झाडेपेरे आपल्या किनाऱ्याला लागली. बटाटा, अननस आपली नावे बरोबर घेऊन आले. भोपळ्याने मात्र इथल्या दुध्याचेच नाव घेतले आणि घरचा होऊन बसला.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीसारखा जुना ग्रंथ शिकवताना कुठे भोपळा आला, तर मुलांपुढे लाल फळ उभे करू नका. तो दुध्याच समजावा. हा घोटाळा काही आपल्या आजीबाईंनीच केला असे नाही बरे! स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा त्यानेही या दोघांना एकाच घरात घातले. वाटणी पुढच्या शास्त्रज्ञांनी केली. शाळेच्या बागेत खूण पटवणे सोपे आहे. दुध्याचे फूल पांढरे, ते दिवेलागणीला उमलते. लाल भोपळ्याचे पिवळे, ते पहाटे उमलते आणि ऊन चढले की मिटते.

आता हळवेपणाकडे येऊ. मृगात बी टाकले की आषाढ-श्रावणात वेल पसरते. हे दिवस कसले, तर कणगीतले जुने भात तळाला गेलेले आणि नवे हळवे भातसुद्धा दसऱ्याच्या आधी हाती लागायचे नाही, असे. त्या ओढीच्या दिवसांत आधी पाल्याची भाजी, मग फुलांची भजी आणि दीड-दोन महिन्यांत कोवळी फळे. पुरते पिकायला साडेतीन-चार महिने लागतात. तोवर पोटाला दम कुठला? लवकर धरणाऱ्या वेलीचे मोल शेतकऱ्याच्या घरात भुकेने ठरवले आहे, बाजाराने नव्हे.

अलीकडे बाजारात झुकिनी दिसते, तीही याच भावकीतली. पेरल्यापासून ४५-५० दिवसांत तोडायला येते. पण आपल्याकडच्या संततधारेत तिचा निभाव लागणे कठीण. ती थंडीत लावावी. पावसाळ्यात गावठी लाल भोपळाच बरा. आळे उंचवट्यावर करा, पाणी साचू देऊ नका. शेणखत भरपूर घाला, पण युरियाचा मारा नको. नुसता पाला माजतो आणि फळ लांबते. आरंभी येतात ती नरफुले. ती गळाली की लोक वेलीला वांझ ठरवून उपटतात. थोडे थांबा! मागून मादीफूल येते, त्याच्या देठाशी इवलासा भोपळा असतो. झडीत मधमाश्या फिरकत नाहीत, तेव्हा सकाळीच नरफूल खुडून त्याचा पराग मादीफुलाच्या मधोमध लावावा.

आणि बियाण्याचे. आधीची फळे खाऊन टाकायची आणि शेवटी उरलेले बियाण्याला ठेवायचे, ही आपली खोड. अशाने हळवे वाण हळूहळू गरवे होते. संकरित बियाण्याच्या फळातले बी धरू नये, त्याची वेल तशीच निघत नाही. गावठी वेलींपैकी जी सर्वांत आधी धरेल, तिचेच पहिले निरोगी फळ देठ वाळेपर्यंत राहू द्या. मग बी धुऊन, सावलीत सुकवून, राखेत घोळून ठेवा. शेजारी दुसऱ्या वाणाचा लाल भोपळा असेल, तर या फळाचे मादीफूल आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधून ठेवावे, सकाळी त्याच वेलीचा पराग द्यावा आणि पुन्हा बांधावे. दुध्याची धास्ती नको, तो यात मिसळत नाही. फळाला रंगीत चिंधी मात्र आठवणीने बांधा, नाहीतर घरातले कोणीतरी घारग्यांसाठी ते चिरून मोकळे होईल.