चित्रसंकलनाचे श्रम आणि मल्टिकोअर प्रोसेसर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यानंतर दादासाहेब फाळके यांनी आपली चित्रनिर्मिती नाशिकला आणली. कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे किचकट काम सरस्वतीबाई करीत. इतिहासलेखनाने त्यांची दखल फार उशिरा घेतली, हे नमूद केलेच पाहिजे. असे काम अनेक हातांत वाटता येते. दृश्य कोठे तोडावे, हा निर्णय मात्र वाटता येत नाही.

संगणकीय संकलनातही हाच भेद आढळतो. २००५ साली इंटेल व एएमडी यांचे ड्युअल-कोअर प्रोसेसर सामान्य संगणकांत आले. अंतिम एन्कोडिंगला त्यांचा निश्चित लाभ होतो, कारण फ्रेमचे गट निरनिराळ्या कोअरकडे सोपविता येतात. परंतु जेथे पुढील फ्रेम मागील फ्रेमच्या गणितावर अवलंबून असते, तेथे उरलेले कोअर रिकामे राहतात. जीन अ‍ॅमडाल यांनी ही मर्यादा १९६७ मध्येच दाखविली होती : कामाचा एक दशांश भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर प्रोसेसर कितीही वाढविले तरी वेग दहापटीपलीकडे जात नाही. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये सिद्ध केलेल्या ‘परम ८०००’ या समांतर महासंगणकासाठीही गणित आधी विभागून मांडावे लागे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी खरेदी करताना केवळ कोअरची संख्या पाहणे म्हणूनच अपुरे ठरते. संकलनाचे सॉफ्टवेअर काम किती कोअरांत विभागते, हे प्रथम तपासावे. मेमरी व हार्ड डिस्कचा वेगही पाहावा, कारण डिस्क संथ असल्यास आठही कोअर फुटेजची वाट पाहत थांबतात.