मूळ रूप कोणते? : गिरणगावातील जुन्या मोटारसायकली आणि त्यांचा रोजचा वापर

प्रस्तुत निबंधाचा विषय मोटारसायकल हा असला, तरी त्यामागील प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित असाच आहे. एखाद्या वस्तूचे 'मूळ रूप' म्हणजे काय आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय. वास्तू व हस्तलिखिते यांच्या बाबतीत आपण त्याची चर्चा पुष्कळ केली. परंतु लालबाग-परळच्या रस्त्यांवरून रोज कामावर जाणाऱ्या चाळीस वर्षांच्या बुलेटच्या किंवा येझदीच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. अलीकडील कायद्याने तो विचारला आहे, आणि त्याचे जे उत्तर दिले आहे ते इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १९५५ साली मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधील रेडिचची रॉयल एनफिल्ड यांच्या भागीदारीतून मद्रास येथे बुलेटची जुळणी सुरू झाली. मूळ इंग्रजी कंपनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी बंद पडली. तिचे यंत्र मात्र भारतात तयार होत राहिले. जावाची कथा मुंबईला अधिक जवळची आहे. रुस्तम व फारुख इराणी यांनी प्रारंभी या झेक मोटारसायकली मुंबईत आयात केल्या आणि पुढे म्हैसूर येथे आयडियल जावा हा कारखाना उभारला. १९७३ पासून हीच गाडी येझदी या नावाने विकली जाऊ लागली. १९९६ साली कारखाना बंद झाला. त्याच वर्षी एस्कॉर्ट्सच्या यामाहा आरएक्स १०० चेही उत्पादन थांबले. परवान्यांच्या त्या काळात नवे वाहन मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. त्यामुळे हाती आलेली गाडी वीस-पंचवीस वर्षे चालविणे हा छंद नव्हता, ती गरज होती. गिरणी कामगाराचे हे वाहन नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. तो गिरणीच्या भोंग्यावर पायी जाणारा माणूस. मोटारसायकल चाळीत आली ती बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने, म्हणजे आधीच दुरुस्त होऊन.

जुनी गाडी रोजच्या वापरासाठी 'आजची' करणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे समजून घेतल्याखेरीज पुढील चर्चा व्यर्थ ठरेल. जुन्या बुलेटमध्ये ७० मि.मी. व्यासाच्या ओतीव लोखंडाच्या सिलिंडरात पिस्टन ९० मि.मी. अंतर वर-खाली करतो. ३४६ सीसीचे हे लांब पल्ल्याचे इंजिन मंद गतीवरही जोर देते, म्हणून गर्दीत ते सोयीचे; परंतु गाडी उभी राहिली की वारा थांबतो आणि लोखंड तापते. विजेची व्यवस्था ६ व्होल्टची. तेवढ्याच प्रकाशासाठी १२ व्होल्टच्या तुलनेत दुप्पट विद्युतप्रवाह लागतो. जुन्या तारा आणि गंजलेल्या जोडांमधून तो वाया जातो, आणि सिग्नलपाशी इंजिन संथ झाले की हेडलाईट मिणमिणू लागतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. जुन्या गाडीला हे बंधन नाही, पण सगळीकडे दिवे लागलेल्या रांगेत विझू पाहणारा एकच दिवा समोरच्याला दिसत नाही, ही व्यवहारातील अडचण आहे. म्हणून मिस्त्री पहिले काम हाती घेतात ते कॉइल नव्याने गुंडाळून गाडी १२ व्होल्टवर आणण्याचे. त्यासोबत रेग्युलेटर, हॉर्न, बल्ब व बॅटरी बदलावी लागते. दुसरे काम ठिणगीचे. जुन्या पद्धतीत पॉइंट उघडझाप करून ठिणगी पाडतात. ते झिजतात, त्यांतील फट बदलते आणि पहिल्याच पावसात गाडी किक मारून मारून थकविते. त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविले की हा त्रास संपतो. याखेरीज ब्रेकचे लायनर, टायर, केबल. अशी कामे बाहेरून दिसत नाहीत; गाडी पाहणाऱ्याला ती जुनीच वाटते.

या कामाचा स्वतःचा एक भूगोल आहे. ऑपेरा हाऊसजवळील सुट्या भागांची दुकाने, नागदेवी स्ट्रीटवरील बेअरिंग व हत्यारे, चोरबाजारातील उतरविलेले सामान, आणि जे कोठेच मिळत नाही ते घडविण्यासाठी लालबाग-शिवडीकडील लेथ. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाचा इतिहास आपण सुमारे अडीच लाख कामगारांच्या रोजगाराच्या अंगाने लिहिला, आणि ते योग्यच झाले. परंतु प्रत्येक गिरणीत फिटर, टर्नर, लोहार यांचा एक दुरुस्ती विभाग असे, आणि परदेशी यंत्राचा मोडलेला भाग इथेच घडविण्याची सवय त्या विभागात मुरलेली होती. गिरण्या बंद झाल्यावर त्या हातांचे काय झाले, याचा शोध घेण्यासाठी परिसरातील गॅरेजांच्या मौखिक इतिहासाकडे वळावे लागेल. कागदावर तो सापडणार नाही.

आता मूळ रूपाकडे वळू. बुलेट ही 'न बदललेली गाडी' म्हणून प्रसिद्ध आहे. ही प्रसिद्धी अर्धीच खरी आहे. कारखान्यानेच कालांतराने तिला १२ व्होल्टवर आणले, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिले, डिस्क ब्रेक दिला, उजव्या पायाचा गिअर डाव्या पायाकडे नेला, बटणस्टार्ट दिला आणि अखेरीस लोखंडी सिलिंडरही सोडला. म्हणजे लालबागच्या मिस्त्रीने १९८० च्या गाडीत जो बदल केला, तो बहुतांशी कारखान्याने पुढच्या गाडीत केलेलाच बदल होता; कित्येकदा तर भागही त्याच कारखान्याचा. एकाच सुधारणेला कारखान्यात झाली तर विकास आणि गॅरेजात झाली तर विकृती म्हणणे, हे तर्काला धरून नाही.

इंधनाच्या बाबतीत तर मूळ रूप जपणे मालकाच्या हातीच राहिलेले नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभरात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. आरोग्याच्या दृष्टीने तो निर्णय अत्यंत योग्य होता. पण शिशाचा थर हा मऊ व्हॉल्व्ह सीटचे संरक्षणही करीत असे, त्यामुळे काही जुन्या इंजिनांत कडक सीट बसविणे भाग पडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आले. इथेनॉल पाणी शोषते, जुने रबर फुगविते, आणि त्याच्या ज्वलनाला हवेच्या प्रमाणात इंधन अधिक लागते. साहजिकच पेट्रोलचा पाइप, कॉकचे वॉशर, कार्ब्युरेटरमधील सुईचे टोक बदलून जेट एक क्रमांक मोठा करावा लागतो. हे न करता गाडी 'मूळ' ठेवली, तर ती पावसाळ्यानंतर सुरू होणे कठीण.

कायद्याची भूमिका दोन टप्प्यांत घट्ट झाली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली आणि निर्मात्याने दिलेल्या, नोंदणी पुस्तकातील तपशिलांशी विसंगत बदल करण्यास मनाई झाली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका उचलून धरली. पुढे जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातील, चासी अथवा इंजिनात बदल न झालेली गाडी त्यात बसते; नोंदणी शुल्क २०,००० रुपये; आणि अट अशी की ती रस्त्यावर नियमित वापरासाठी चालवावयाची नाही. म्हणजे वारसा म्हणून मान्यता हवी असेल तर वापर सोडावा लागतो. वापर चालू ठेवावयाचा तर सामान्य नूतनीकरणाची रांग आहेच: २०२२ साली जुन्या दुचाकीचे नूतनीकरण शुल्क ३०० रुपयांवरून १,००० झाले, २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या दुचाकीसाठी २,००० झाले. रोज चालणारी, म्हणूनच वारंवार दुरुस्त झालेली जुनी गाडी या दोन्हींच्या मध्ये उभी आहे, आणि तिला नाव नाही.

ब्रिटनचे उदाहरण येथे बोलके आहे. तेथे चाळीस वर्षांहून जुने वाहन, गेल्या तीस वर्षांत त्यात मोठा बदल झालेला नसल्यास, वार्षिक तपासणीतून मुक्त असते आणि ते रोजही चालविता येते. मूळ पद्धतीचे भाग मिळत नाहीत म्हणून वाहन टिकविण्यासाठी केलेला बदल, किंवा त्या प्रकारची वाहने सर्रास वापरात असताना रूढ असलेला बदल, तेथील मार्गदर्शिकेत मोठा बदल मानला जात नाही. वापराचा इतिहास हाच येथे वाहनाच्या ओळखीचा भाग ठरतो.

याचा अर्थ गॅरेजातील प्रत्येक करामतीचे समर्थन करावे असा नाही. कर्णकर्कश सायलेन्सर, कमकुवत फोर्कवर चढविलेला भारी डिस्क ब्रेक, मागचा मडगार्ड कापून केलेली शोभा, या गोष्टी धोक्याच्या आहेत आणि त्यांवर कारवाई व्हावयासच हवी. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालविणाऱ्या स्त्रियांचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी सर्वत्र झळकते. मिरवणुकीच्या त्या कासवगतीत क्लच किती तापतो, हे मात्र ती चालविणारीलाच ठाऊक.

प्रस्तुत लेखकाकडे मामांची १९८४ ची बुलेट आहे. परळहून गिरगावात महाविद्यालयात जाताना ती नाइलाजाने महंमद अली रोडच्या गर्दीतून न्यावी लागते, कारण वर जे. जे. उड्डाणपुलावर दुचाकींना २०१० पासून बंदी आहे; सागरी किनारा मार्गावरही त्यांना प्रवेश नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाल्यापासून पूर्व-पश्चिम जाणेही लांबले. गेल्या नूतनीकरणाच्या वेळी एका परिवहन कार्यालयात अधिकाऱ्यांनी इंजिन व चासी क्रमांक पाहिले, रंग पाहिला आणि विचारले, "सगळे ओरिजिनल आहे ना?" नोंदणी पुस्तकात व्होल्टचा रकाना नसतो, पॉइंटचाही नसतो. मी "हो, साहेब" म्हणालो, आणि ते खोटे होते असे मला अजूनही वाटत नाही.

गाडी १२ व्होल्टवर आणणारे मिस्त्री लालबागमधील एका चाळीच्या तळमजल्यावर बसत. कोणत्या गाडीत कोणत्या क्रमांकाचा जेट चालला, हे ते एका जुन्या डायरीत पेन्सिलीने लिहीत आले आहेत. पेट्रोल बदलले की आकडा खोडून शेजारी नवा. चाळ पुनर्विकासात गेल्यावर ते शिवडीला भाड्याच्या गाळ्यात गेले. डायरीची छायाप्रत काढू द्याल का, असे मी त्यांना विचारले आहे. पाऊस संपला की या, असे ते म्हणाले.