बट्टा, पत आणि रुपया

एखाद्याच्या नावाला बट्टा लागला, असे आपण सहज म्हणून जातो. त्या क्षणी आपण सराफाची भाषा बोलत असतो, हे मात्र ध्यानात येत नाही. परगावच्या टांकसाळीचे किंवा झिजलेले नाणे बदलून देताना सराफ जी रक्कम कापून घेई, ती बट्टा. पेशवाईत चांदवडी, अंकुशी असे अनेक रुपये एकाच वेळी चालत. खुद्द चिंचवडला, देवांच्या त्या गावी, टांकसाळ होती. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठ्यांच्या टांकसाळींवर आणि चलनावर स्वतंत्र निबंध लिहिला, तोही या नाण्यांत राज्याचा इतिहास वाचता येतो या जाणिवेने. गावोगावचा शेतकरी सारा भरताना आणि शिपाई पगार घेताना बट्टा सोसत होता. हिशेब सराफाच्या हाती आणि तोटा दुसऱ्याच्या पदरी, अशी ती रीत होती.

आम्हांला या लेखात जे म्हणायचे आहे ते इतकेच की ही रीत संपली नाही, तिने फक्त जागा बदलली. आज चिंचवड, पिंपरी, भोसरी, चाकण हा सलग कारखान्यांचा पट्टा झाला आहे. मध्यवर्ती बँकेचे संशोधक ज्याला लहान खुल्या अर्थव्यवस्थेतील चलनविषयक धोरण म्हणतात, त्याचे परिणाम या पट्ट्यात रोज भोगले जातात. साहित्याच्या अभ्यासकाने या विषयाकडे पाठ फिरवावी असे त्यात काही नाही. उलट, ही चर्चा ज्या शब्दांत चालते त्या शब्दांची पारख करणे हे त्याचेच काम आहे.

१८३५ साली कंपनी सरकारने सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला आणि देशांतर्गत बट्ट्याची मुळे उखडली गेली. पण रुपया चांदीचा होता आणि इंग्लंडचा पौंड सोन्याचा. १८७० नंतर जर्मनीसह युरोपीय देश चांदी सोडून सोन्याकडे वळले, चांदी उतरली आणि तिच्याबरोबर रुपयाही. सुमारे दोन शिलिंगांचा रुपया १८९२-९३ पर्यंत पंधरा पेन्सांच्या आसपास आला. लंडनला दरसाल पाठवायची रक्कम पौंडांतच द्यायची असल्याने तेवढ्याच देण्यासाठी रयतेकडून अधिक रुपये गोळा करावे लागू लागले. गावच्या सराफाचा बट्टा गेला आणि साम्राज्याचा बट्टा आला. १८९३ मध्ये सरकारने चांदी आणून रुपये पाडून घेण्याची लोकांची मुभा बंद केली. पुढे रुपया १६ पेन्सांना बांधला गेला.

या प्रश्नाला ज्या मराठी माणसाने सर्वांत कठोर तर्काने हात घातला, त्याचा हा ग्रंथ मराठीच्या वर्गात क्वचितच उघडला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह. दहा वर्षांपूर्वी केन्स यांनी सुवर्ण विनिमय पद्धतीची भलामण केली होती. आंबेडकरांनी ती नाकारली. या पद्धतीत रुपये किती काढायचे यावर सरकारला खरा लगाम राहत नाही, म्हणून चलनाची संख्याच कायद्याने मर्यादित करावी, असे त्यांचे म्हणणे होते. १९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. तेव्हा देशात वाद पेटला होता तो रुपया १६ पेन्सांचा असावा की १८ पेन्सांचा, याचा. मुंबईचे गिरणीमालक आणि व्यापारी स्वस्त रुपयाच्या, म्हणजे १६ पेन्सांच्या बाजूने होते आणि राष्ट्रीय मतही बहुतांशी तिकडेच झुकले होते.

आंबेडकरांचे वेगळेपण येथे दिसते. रुपया उतरला की देशाचा फायदा होतो, या वाक्यातला 'देश' म्हणजे नेमके कोण, असे ते विचारतात. किमती चढतात, मजुरी त्यांच्या मागे रेंगाळत येते, आणि मधल्या अंतरातून जो नफा निघतो तो मालकाच्या पदरात पडतो. तेव्हा एका वर्गाचा लाभ हा दुसऱ्या वर्गाच्या ताटातून गेलेला असतो. चलनाच्या तांत्रिक ग्रंथात मजुराला असे उभे करणे ही केवळ अर्थशास्त्रीय बाब नव्हे, ती लेखकाची दृष्टी आहे. रिझर्व्ह बँक थेट या ग्रंथातून जन्माला आली, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. १९३४ चा कायदा आणि १ एप्रिल १९३५ ची स्थापना यांची सरळ वाट हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशींतून येते. ग्रंथाचा मोठेपणा या श्रेयावर अवलंबून नाही. त्याने विचारलेला प्रश्न अजून शिळा झालेला नाही, यात तो आहे.

बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ साली झालेले चिंतामणराव देशमुख, हे रायगड जिल्ह्यातले, आणि मेघदूताचे मराठी पद्यात भाषांतर करणारे. बँकेचा संशोधन विभाग त्यांच्याच काळात आकाराला आला, आणि जानेवारी १९४७ पासून तिचे मासिक प्रसिद्ध होऊ लागले. १९५१ मध्ये बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याची अखिल भारतीय पाहणी हाती घेतली, तिच्या समितीत पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. त्या पिढीच्या संशोधनाचा विषय मुख्यतः पत हा होता: ती कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही. मराठी वृत्तपत्रांत बँकेच्या धोरणाला 'पतधोरण' हे नाव रूढ झाले. पुढे धोरणाचा आशय बदलला, पण शब्द टिकला. आम्हांला तो 'मौद्रिक धोरणा'हून अधिक मोलाचा वाटतो, कारण पत म्हणजे कर्ज मिळण्याची लायकी आणि पत म्हणजे अब्रूही.

आता पिंपरीकडे वळू. १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले आणि त्या दशकात टेल्को आणि बजाज यांनी माळरानाचे रूप पालटले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. हा पट्टा वाढला तो परवान्यांच्या आणि जकातीच्या भिंतीआड. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० वर नेला गेला, तरी भिंत उभीच राहिली. ती पडली १९९१ मध्ये. सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण गेले आणि जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. १९९३ पासून रुपयाचा भाव बाजारावर सोपवला गेला. त्यानंतर चाकणच्या शेतांवर जगातल्या मोटारकंपन्या उतरल्या. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये उघडला.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत 'लहान' म्हणजे आकाराने लहान नव्हे. जगातल्या किमती आणि व्याजदर ज्याला जसेच्या तसे स्वीकारावे लागतात, तो लहान. उत्पन्नाच्या बेरजेत भारत मोठा आहे, पण तांब्याचा भाव लंडनच्या बाजारात ठरतो आणि डॉलरचे व्याज वॉशिंग्टनला. अर्थशास्त्रज्ञ सांगतात की स्थिर विनिमयदर, भांडवलाची मोकळी ये-जा आणि स्वतःच्या मनाजोगते व्याजदर या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. रिझर्व्ह बँकेने तिन्हींपैकी कोणतीही पुरती धरली नाही आणि पुरती सोडलीही नाही. २०१३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने पैशाचा ओघ आटवण्याचे नुसते सूतोवाच केले, आणि ऑगस्टअखेर डॉलर ६८ रुपयांच्या वर गेला. जानेवारी २०१४ मध्ये ऊर्जित पटेल समितीचा अहवाल आला, आणि २०१६ च्या कायद्यातील दुरुस्तीने महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के वरखाली, ठेवण्याचे काम सहा सदस्यांच्या समितीकडे गेले.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. लहान उद्योगांची बदलत्या व्याजाची नवी बँककर्जे २०१९ पासून अशा बाह्य दरांशी जोडलेली आहेत. भोसरीत दोन लेथ चालवणाऱ्याच्या कामात कोणतीही खोट नसताना त्याचा हप्ता वाढला तो या वाटेने. मोठी कंपनी बाहेर माल पाठवते, तेव्हा रुपयाची घसरण तिला अंशतः भरून देते. तिला सुटे भाग पुरवणारा मात्र कच्चा माल जगाच्या भावाने घेतो आणि आपला माल कंपनीने ठरवलेल्या भावाने देतो. त्याच्याही खाली कंत्राटी कामगार आहे, ज्याच्या रोजात डॉलरचा उल्लेख कोठेच नसतो, पण गॅस, तेल आणि एसटीचे भाडे यांतून तो रोज डॉलरचा भाव मोजत असतो.

बँकेच्या अलीकडच्या काही अहवालांत एक हिशेब आढळतो. रुपया अंदाजापेक्षा पाच टक्क्यांनी घसरला, तर महागाई सुमारे ०.३५ टक्क्यांनी वाढू शकते, आणि निर्यातीला चालना मिळून विकासदरही थोडा वर जाऊ शकतो. हे वाक्य प्रामाणिक आहे, त्यात लपवाछपवी नाही. पण महागाई आणि विकास हे त्यात एकाच देशाचे दोन आकडे म्हणून शेजारी बसतात. महागाई ज्यांच्या वाट्याला आली आणि वाढ ज्यांच्या वाट्याला गेली ती माणसे एकच होती का, हे वाक्य सांगत नाही. सरासरीच्या व्याकरणात कर्ता गळून पडतो. आंबेडकरांनी १९२३ मध्ये नेमका हा गळलेला कर्ता वाक्यात परत आणला होता.

यावरून संशोधन निरुपयोगी ठरत नाही. महागाईला लगाम घालणे हे अखेर गरिबाच्याच हिताचे आहे, आणि आंबेडकरांचा चलनाच्या मर्यादेचा आग्रहही त्याच दिशेचा होता. पण लगाम खेचताना ओढ कोणाच्या मानेला बसते, याची नोंद वेगळी ठेवावी लागते. ती ठेवणारी भाषा मराठीजवळ जुनी आहे. बट्टा या शब्दात देणारा आणि घेणारा दोघेही दिसतात. पत या शब्दामागे माणूस उभा असतो. पुढल्या वेळी पतधोरण जाहीर झाल्याची बातमी वाचताना कोणाची पत आणि कोणाला बट्टा, एवढे विचारण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. नीट वाचायची सवय पुरते.