टाइमशेअर रिसॉर्ट : थेट कंपनीकडून घ्यायचं की जुन्या सदस्याकडून? धर्माबादच्या कुटुंबाला एक रात्र नेमकी कितीला पडते?

'अभिनंदन! लकी ड्रॉमध्ये तुमचं नाव आलंय. नवरा-बायको दोघंही या, भेटवस्तू घेऊन जा.' असा फोन आला, की पुढे हॉटेलच्या हॉलमध्ये दीड-दोन तासांचं बोलणं असतं आणि त्याच्या शेवटी एक आकडा. वर्षाला सात रात्री रिसॉर्टमध्ये, पुढची २५ वर्षं, किंमत काही लाख. सही आजच केली तर सवलत.

त्याच वेळी फेसबुक किंवा ओएलएक्सवर तेच सदस्यत्व कुणीतरी निम्म्याहून कमी किमतीत विकायला काढलेलं दिसतं. मग साहजिकच वाटतं, जुनं घेतलेलं काय वाईट? उत्तर वाटतं तितकं सरळ नाही, कारण जाहिरातीत दिसणारी किंमत हा या खर्चाचा लहान भाग आहे.

टाइमशेअर म्हणजे काय विकत घेतो?

ही कल्पना १९६०च्या दशकात युरोपात रुजली. दरवर्षी खोली भाड्याने घेण्यापेक्षा ठरावीक दिवसांचा हक्कच विकत घ्या, असा तो विचार होता. भारतात स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्स ही कंपनी १९८६ साली सुरू झाली. क्लब महिंद्रा चालवणारी महिंद्रा हॉलिडेज १९९६ साली आली.

आपल्याकडे बहुतेक योजनांमध्ये मिळतो तो वापराचा हक्क, मालकी नाही. म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागत नाही, दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत होत नाही, बँक ते तारण म्हणून धरत नाही. 'प्रॉपर्टी आहे, किंमत वाढेल' असं कुणी सांगत असेल तर तिथेच थांबवून विचारावं की कागद कोणता देणार. मुदत संपली की हक्क संपतो. जमिनीत पैसा घालण्याची सवय असलेल्या मराठवाड्यातल्या कुटुंबांनी हा फरक आधी डोक्यात पक्का करायला हवा.

सदस्यत्वात आणखी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. खोली किती मोठी आणि हंगाम कोणता. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांचा हंगाम सर्वांत महाग, पावसाळ्यातला किंवा गर्दी नसलेला स्वस्त. कंपन्या त्यांना रंगांची नावं देतात. स्वस्त रंग घेतला आणि मुलांच्या शाळेला सुट्टी फक्त मे महिन्यात असली, तर सदस्यत्व असूनही हव्या त्या वेळी खोली मिळत नाही.

आता हिशेब

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुम्हाला मिळालेले आकडे त्या जागी टाका, पद्धत तीच राहील.

समजा, कंपनीकडून थेट घेतलं. करासह ४ लाख रुपये, २५ वर्षं, दरवर्षी ७ रात्री. म्हणजे एकूण १७५ रात्री. वार्षिक देखभाल शुल्क जीएसटीसह २० हजार. ४ लाख भागिले २५, वर्षाला १६ हजार. त्यात २० हजार मिळवा, ३६ हजार. भागिले ७. एक रात्र ५,१४३ रुपयांना.

आता तेच सदस्यत्व जुन्या सदस्याकडून. १५ वर्षं शिल्लक, किंमत १ लाख २० हजार, कंपनीचं हस्तांतरण शुल्क २० हजार. एकूण १ लाख ४० हजार. वर्षाला ९,३३३, अधिक तेच २० हजार शुल्क, म्हणजे २९,३३३. एक रात्र ४,१९० रुपयांना.

सुरुवातीला भरायची रक्कम ६५ टक्क्यांनी कमी दिसत होती. रात्रीमागे मात्र वाचले ९५३ रुपये, म्हणजे १८-१९ टक्के. कारण वार्षिक शुल्क दोघांनाही सारखंच आहे. जुन्या सदस्याकडून घेतलं म्हणून कंपनी ते कमी करत नाही.

शिवाय हे शुल्क तिथेच राहत नाही. वर्षाला ६ टक्क्यांनी वाढलं, तर आजचे २० हजार पंचविसाव्या वर्षी सुमारे ८१ हजार होतात. पंधराव्या वर्षी सुमारे ४५ हजार. जुनं घेण्याचा खरा फायदा इथे आहे. बांधिलकी दहा वर्षांनी कमी. त्यामुळे किंमत विचारण्याआधी करारात शुल्कवाढीचं सूत्र काय लिहिलंय आणि वाढीला मर्यादा आहे का, ते शोधा. तोंडी सांगितलेलं धरू नका.

वर्षात सातपैकी चारच रात्री वापरल्या तर? थेट घेतलेली रात्र ९ हजारांना पडते आणि जुनी ७,३३३ रुपयांना. न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेता येतात, पण किती आणि किती काळ, याचे नियम प्रत्येक योजनेत वेगळे आहेत.

हप्त्यांवर घेतलं तर हिशेब आणखी बिघडतो. ४० हजार आधी भरून उरलेले ३ लाख ६० हजार १५ टक्के व्याजाने ४८ हप्त्यांत फेडायचे ठरवले, तर महिन्याचा हप्ता १० हजारांच्या थोडा वर जातो आणि व्याजच १ लाख २१ हजारांच्या आसपास होतं. रात्रीमागे जवळपास ७०० रुपये वाढले.

तिसरा पर्याय, जो हॉलमध्ये कुणी सांगत नाही

तेच ४ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २८ हजार व्याज. वाचलेलं वार्षिक शुल्क २० हजार. हातात ४८ हजार, आणि मुद्दल जागेवर. रात्रीला ५ हजारांची खोली धरली तर नऊ रात्री राहून वर ३ हजार उरतात.

या हिशेबातही गोम आहे. खोल्यांचे दर दरवर्षी वाढतील, व्याजावर आयकर लागेल आणि ठेवीचा दर कायम ७ टक्के राहणार नाही. पण वाचणारं शुल्कही दरवर्षी वाढतं, ते विसरू नका. करातही फरक आहे. सदस्यत्व आणि वार्षिक शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. हॉटेलच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५पासून तो ५ टक्के झाला आहे.

म्हणून सही करण्याआधी एक काम मोबाइलवरच उरकता येतं. तुम्हाला जायचंय त्या गावातल्या तशाच खोलीचा, तुमच्याच तारखांचा दर बुकिंगच्या ॲपवर बघा. काही टाइमशेअर कंपन्यांची रिसॉर्ट्स सदस्य नसलेल्यांनाही खोल्या देतात. दर रात्रीला ४-५ हजार निघाला, तर थेट सदस्यत्वात पैसे अडकवण्याला अर्थ नाही. दिवाळीत १०-१२ हजार निघाला आणि तुम्ही दरवर्षी दिवाळीतच, पूर्ण सात रात्री जाणार असाल, तर सदस्यत्व परवडू शकतं. अट एकच, हंगाम तोच हवा आणि त्या तारखांना बुकिंग मिळायला हवं.

धर्माबादहून जाताना

पुण्या-मुंबईचा सदस्य शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढून लोणावळा किंवा महाबळेश्वर गाठतो आणि दोन-दोन रात्री करून सात रात्री संपवतो. धर्माबादला ते जमत नाही. महाबळेश्वर सहाशे किलोमीटरच्या पुढे, गोवा त्याहूनही लांब. जायचा एक दिवस, यायचा एक दिवस. दोन छोट्या सहली केल्या तर प्रवासखर्च दुप्पट. चौघांचं रेल्वे तिकीट किंवा गाडीचं डिझेल धरलं, की रात्रीचा भाव आणखी हजार-दीड हजाराने वर जातो. त्यात आडबाजूच्या रिसॉर्टमध्ये जेवणही तिथल्याच दराने.

हैदराबाद मात्र अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. त्यामुळे योजना निवडताना जाहिरातीतल्या रिसॉर्टची संख्या मोजण्यापेक्षा तेलंगण आणि उत्तर कर्नाटकात तिची ठिकाणं कुठे आहेत, हे बघणं जास्त उपयोगाचं. परदेशातल्या रिसॉर्टचं आमिष असेल, तर अदलाबदलीचं सदस्यत्व आणि त्याचं शुल्क वेगळं लागतं का, तेही विचारा.

दुसरी गोष्ट हंगामाची. धर्माबादची ओळख लाल मिरचीच्या बाजारपेठेची. उन्हाळ्याच्या तोंडावर आवक जोरात असताना व्यापारी, अडते, हमाल कुणालाच गाव सोडता येत नाही. अशा घराने वर्षभर कधीही जाता येईल या भरवशावर महागडा हंगाम घेणं म्हणजे न वापरायच्या दिवसांचे पैसे भरणं.

जुनं घेताना कुठे फसतं?

विकणाऱ्याचं थकीत शुल्क हा पहिला खड्डा. वार्षिक शुल्क भरलं नसेल तर बुकिंग अडतं, आणि थकबाकी नव्या सदस्याच्या गळ्यात पडू शकते. कंपनीकडून ताजं खातेपत्रक मागवा. त्यात शिल्लक वर्षं, खोलीचा प्रकार, हंगाम, उरलेल्या रात्री आणि थकबाकी दिसली पाहिजे. विकणाऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे खातेपत्रक नव्हे.

मग हस्तांतरण. कंपनीच्या लेखी मंजुरीशिवाय सदस्यत्व नावावर होत नाही. मूळ सदस्याला मिळणारे काही लाभ पुढच्याकडे जात नाहीत, असंही करारात असू शकतं. सगळे पैसे आधी देऊ नका. मोठा भाग नाव लागल्याची कंपनीची ईमेल आल्यावर द्या.

विकणाऱ्यांसाठीही इशारा आहे. 'तुमच्या सदस्यत्वाला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त नोंदणी शुल्क किंवा जीएसटी आधी भरा' असा फोन आला तर तो ठेवून द्या. पैसे भरले की ते गिऱ्हाईक गायब होतं. टाइमशेअरच्या पुनर्विक्रीतली ही जगभर चालणारी जुनी फसवणूक आहे.

पॅनकार्ड क्लब्जचं काय झालं होतं?

महाराष्ट्रात 'हॉटेलच्या रात्री' म्हटलं की अनेकांना पॅनकार्ड क्लब्ज आठवतं. मुंबईची ही कंपनी खोल्यांच्या रात्री विकायची. राहायला गेला नाहीत तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत, असं आश्वासन असायचं. लोकांनी ते सहलीसाठी कमी आणि ठेव म्हणूनच जास्त घेतलं. ही विनानोंदणी सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असं सेबीने ठरवलं आणि फेब्रुवारी २०१६मध्ये सुमारे ५१ लाख गुंतवणूकदारांचे ७ हजार कोटींहून अधिक रुपये परत करण्याचा आदेश दिला. त्यानंतरही पैशांसाठी लोकांना वर्षानुवर्षं थांबावं लागलं. रॉयल ट्विंकल स्टार क्लब या कंपनीच्या हॉलिडे योजनांवरही सेबीने २०१५ साली अशीच कारवाई केली होती.

म्हणजे 'नाही गेलात तरी पैसे वाढून मिळतील' हे वाक्य ऐकलं, की समोरची वस्तू टाइमशेअर राहिलेली नाही. तिथे सेबीचा नोंदणी क्रमांक मागायचा.

सही करून बसलात तर?

युरोपीय संघात टाइमशेअर घेणाऱ्याला १४ दिवसांत विनाकारण माघार घेता येते आणि त्या काळात आगाऊ पैसे घ्यायला बंदी आहे. भारतात टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही. माघारीची मुदत करारात असेल तेवढीच. ती अनेकदा थोड्या दिवसांची असते, म्हणून घरी आल्याच दिवशी ते कलम शोधा आणि रद्द करायचं असेल तर ईमेलने कळवा. फोनवर सांगितल्याचा पुरावा राहत नाही.

करारात 'वाद मुंबई किंवा चेन्नईतच' असं लिहिलेलं असलं तरी घाबरायचं कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. धर्माबादकरांसाठी तो नांदेडला आहे. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एम्मार एमजीएफच्या प्रकरणात कायम ठेवलं. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. सादरीकरणात मिळालेली पत्रकं, पावत्या आणि विक्री प्रतिनिधीचे व्हॉट्सॲप मेसेज तोपर्यंत डिलीट करू नका.