तीन मिलिमीटरांचे छत्र

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० सालच्या जागतिक शांतिदिनाच्या संदेशात ओझोनच्या थराच्या ऱ्हासाचा उल्लेख केला, तेव्हा आमच्यासारख्या अनेकांना हा विषय शास्त्रज्ञांचा, आपल्या नित्याच्या जीवनापासून दूरचा वाटला होता. वस्तुतः त्याचा धागा आपल्या स्वयंपाकघरातील फ्रीजपर्यंत येऊन पोहोचत होता. हा ऱ्हास मुळात कळला कसा, याची हकिकत फारशी सांगितली जात नाही, म्हणून ती येथे मांडत आहोत.

ओझोन हा प्राणवायूचाच भाऊबंद. भूपृष्ठापासून पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर तो विरळपणे पसरलेला असून सूर्याचे घातक अतिनील किरण अडवतो. तो सारा समुद्रसपाटीवर आणून थंड केला, तर त्याचा थर जेमतेम तीन मिलिमीटर भरेल. इतके तोकडे हे छत्र! जमिनीवर उभे राहून ते मोजण्याची युक्ती ऑक्सफर्डचे गॉर्डन डॉब्सन यांनी १९२०च्या दशकात साधली. काही अतिनील किरण ओझोन अधिक शोषतो, काही कमी. दोहोंची तुलना केली की वरच्या ओझोनचे प्रमाण निघते. डॉब्सन यांनी आपली उपकरणे दूरदूर धाडली. १९२८च्या सुमारास त्यांतील एक आपल्या कोडाईकनालच्या वेधशाळेतही आले. आजही हे माप 'डॉब्सन एककां'तच सांगतात. तीनशे एकके म्हणजे तीन मिलिमीटर.

फ्रीजमध्ये वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू हे एकेकाळी वरदानच मानले गेले. त्यांच्याआधीचे अमोनियासारखे वायू विषारी होते. हे मात्र ना जळत, ना कुजत. मग ते जातात कोठे? जेम्स लव्हलॉक यांनी १९७१ मध्ये 'शॅकल्टन' जहाजातून अंटार्क्टिकाच्या दिशेने प्रवास करीत, स्वतः घडवलेल्या अतिसंवेदनशील उपकरणाने हवा तपासली. लाख कोटी रेणूंमागे पन्नासच्या आसपास, एवढ्या सूक्ष्म प्रमाणात हा वायू सर्वत्र आढळला. त्यापासून काही धोका संभवत नाही, असे त्यांनी लिहिले. मोजमाप अचूक, निष्कर्ष चुकीचा! १९७४ मध्ये मारिओ मोलिना व शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिले की, हे वायू उंचावर गेल्यावर सूर्यकिरणांनी फुटतात आणि त्यांतील क्लोरीन ओझोनचा नाश करतो. कारखानदारांनी पुरावा मागितला.

पुरावा अनपेक्षित ठिकाणी मिळाला. अंटार्क्टिकावरील हॅली बे या ब्रिटिश ठाण्यावर १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून डॉब्सन यांच्याच जुन्या धाटणीच्या उपकरणाने नोंदी होत होत्या. वर्षामागून वर्षे तेच काम, तीच वही. १९८०च्या सुमारास ऑक्टोबरचे आकडे घसरू लागले. जो फार्मन यांनी प्रथम दोष उपकरणाला दिला व नवे मागवले. त्यानेही तेच सांगितले. मे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर व शँकलिन यांचा लेख प्रसिद्ध झाला: वसंतातील ओझोन तीनशे एककांवरून दोनशेंच्याही खाली उतरला होता. अमेरिकी उपग्रहानेही ही घट टिपली होती. पण फार खालचे आकडे संशयास्पद म्हणून बाजूला ठेवण्याची व्यवस्था असल्याने ते वेळीच कोणी पाहिले नाहीत. लाखो डॉलरच्या यंत्रापेक्षा जुनी वही पुढे गेली, याचे आम्हांला राहून राहून कौतुक वाटते.

कारणाचा प्रश्न उरलाच होता. सुसान सॉलोमन यांनी तर्क मांडला की ध्रुवीय हिवाळ्यात अतिउंचावर जमणाऱ्या ढगांतील हिमकणांच्या पृष्ठभागावर क्लोरीन मोकळा होतो. १९८७ मध्ये चिलीतील पुंता अरेनास येथून एकट्या वैमानिकाचे 'ईआर-२' विमान त्या भागात शिरले. जेथे क्लोरीन मोनॉक्साइड वाढले, तेथे ओझोन नेमका खाली गेला होता. यातील एक निर्णायक उड्डाण १६ सप्टेंबरचे. त्याच दिवशी माँट्रियल येथे या वायूंवरील करारावर सह्या झाल्या. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला.

या वायूंचे उत्पादन २०१०पर्यंत जगभर थांबायचे होते. तरी २०१८ मध्ये मापकांच्या लक्षात आले की 'सीएफसी-११'ची हवेतील घट अपेक्षेपेक्षा मंदावली आहे. कोणीतरी चोरून तो बनवीत होते. दक्षिण कोरिया व जपानमधील नोंदींनी बोट पूर्व चीनकडे दाखवले. २०२१ पर्यंत ते उत्सर्जन पुन्हा उतरले. अंटार्क्टिकावरील थर २०६६च्या सुमारास १९८०च्या पातळीवर येईल, असा अंदाज आहे. तोवर नोंदी चालूच राहणार आहेत.