बारा जणांचा वर्ग : मेथडिस्ट पंथाच्या इतिहासातील एक प्रकरण

धर्मचळवळींचा इतिहास वाचताना आपली नजर सामान्यतः मोठ्या पुरुषांवर आणि मोठ्या सभांवर खिळते. कोणी कोठे प्रवचन केले, किती हजार लोक लोटले, किती जणांच्या डोळ्यांना पाणी आले, ह्यांच्या नोंदी सापडतात व त्या वाचावयास गोडही वाटतात. पण सभा उठल्यावर ही माणसे कोठे गेली, सोमवारी सकाळी त्यांचे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आज आम्ही ज्या संस्थेची हकीकत सांगणार आहोत, ती ह्या सोमवारच्या प्रश्नाशी निगडित आहे. अठराव्या शतकात इंग्लंडात जॉन वेस्ली ह्याने उभारलेल्या मेथडिस्ट पंथातील ‘क्लास’, म्हणजे सुमारे बारा-बारा माणसांचे वर्ग, हा आमचा विषय होय.

वर्ग म्हटला की फळा, मास्तर आणि पुस्तक डोळ्यांपुढे येते. येथे त्यांतले काहीच नव्हते. आपल्याकडील वारी ज्यांनी जवळून पाहिली असेल, त्यांना ही गोष्ट समजण्यास सोपी जाईल. दुरून पाहणाऱ्यास लाखांचा जनसागर दिसतो. पण वारकरी त्या सागरात एकटा नसतो, तो आपल्या दिंडीत असतो. त्याच्या पायाला फोड आला तर दिंडीतल्या माणसांना कळते. तो मुक्कामाला पोचला नाही तर त्याची वाट पाहणारे कोणीतरी असते. दोन्ही परंपरा अगदी निराळ्या, त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. परंतु वर्गाचे मर्म ह्याच जातीचे होते.

अशा लहान मंडळ्यांची कल्पना वेस्लीच्या आधीची आहे. जर्मनीत फिलिप याकोब स्पेनर हा ल्यूथरपंथी पाळक १६७० पासून फ्रँकफुर्ट येथे आपल्या घरी काही भाविकांना जमवीत असे. चर्चमध्ये पाळक बोलणार आणि लोक ऐकणार. स्पेनरच्या घरी मात्र लोकांनीही बोलावयाचे, वाचलेल्या वचनाचा आपल्या जगण्याशी काय संबंध तो सांगावयाचा, अशी रीत पडली. १६७५ साली ‘पिया डेसिडेरिया’ ह्या पुस्तकात त्याने ही योजना मांडली. ह्या भक्तिमार्गी प्रवाहाला पुढे ‘पायटिझम’ हे नाव मिळाले. त्याचेच एक केंद्र असलेल्या हाल येथे शिकलेला झीगेनबाल्ग १७०६ मध्ये तामिळ मुलखातील तरंगंबाडीस उतरला, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या घरगुती बैठकांची झळ किती दूरवर पोचली होती ते दिसून येते.

वेस्लीचा जन्म १७०३ साली लिंकनशर परगण्यातील एपवर्थ ह्या गावी झाला. वडील सॅम्युएल हे तेथील पाळक. १७११-१२ च्या हिवाळ्यात ते कामानिमित्त लंडनला असताना त्यांची पत्नी सुझाना रविवारी सायंकाळी घरातल्या मुलांमाणसांना जमवून प्रवचने वाचून दाखवू लागली. शेजारी येऊ लागले, आणि पाहता पाहता आकडा दोनशेच्या घरात गेला. मदतनीस पाळकाने तक्रार केली. पतीनेही पत्राने नापसंती कळविली. बाईंनी उत्तर धाडले की, हे बंद करावयाचे असेल तर तशी स्पष्ट आज्ञा द्यावी, म्हणजे देवापुढे त्याची जबाबदारी आपल्यावर राहणार नाही. बैठका चालू राहिल्या. जॉन तेव्हा आठ वर्षांचा होता. पुढे स्त्रियांना वर्गनायक नेमण्यास तो कचरला नाही, त्याचे बीज ह्या स्वयंपाकघरात असावे असे आम्हांस वाटते.

ऑक्सफर्डला १७२९ च्या सुमारास जॉन, त्याचा भाऊ चार्ल्स आणि काही मित्र नियमाने एकत्र वाचन, उपवास व तुरुंगातील कैद्यांची भेट असा क्रम पाळू लागले. ह्या काटेकोर ‘मेथड’वरून इतर विद्यार्थी त्यांना थट्टेने मेथडिस्ट म्हणू लागले, आणि थट्टेचे हेच नाव पंथाला चिकटले. पण नियम पाळूनही जॉनच्या मनाला स्वस्थता नव्हती. ती त्याला लाभली २४ मे १७३८ रोजी, लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका लहानशा बैठकीत, ल्यूथरची एक प्रस्तावना कोणी वाचून दाखवीत असताना. म्हणजे ज्या अनुभवाने त्याचे आयुष्य पालटले तोही त्याला भव्य चर्चमध्ये आला नाही, थोडक्या माणसांत बसला असता आला.

पुढच्याच वर्षी, १७३९ मध्ये, त्याचा मित्र जॉर्ज व्हिटफील्ड ह्याने त्याला ब्रिस्टलला बोलावून घेतले. तेथे किंग्जवुडचे कोळसा खाणकामगार उघड्या माळावर प्रवचन ऐकावयास जमत. व्हिटफील्ड हा विलक्षण वक्ता. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने त्याचा आवाज कोठवर ऐकू येतो हे चालत जाऊन पाहिले, आणि तीस हजारांहून अधिक श्रोत्यांस तो ऐकू जाईल असा हिशेब मांडला! वेस्लीला ही देणगी एवढी नव्हती. पण ऐकून हेलावलेल्या माणसांना एकत्र बांधण्याची जी चिकाटी त्याच्यापाशी होती, ती व्हिटफील्डपाशी नव्हती. दोघांच्या कार्याच्या टिकाऊपणात जो फरक पडला त्याचे मुख्य कारण हेच होय.

गंमत अशी की, ज्या वर्गांनी हे बांधण्याचे काम केले ते धर्मचिंतनातून निघाले नाहीत, कर्जातून निघाले! ब्रिस्टलला मंडळीने ‘न्यू रूम’ नावाचे सभागृह बांधले होते व त्याचे देणे डोक्यावर होते. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी ते फेडण्याचा विचार करण्यास सभासद जमले. कॅप्टन फॉय ह्या गृहस्थाने सुचविले की, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा कोणी म्हणाला, पुष्कळ जण गरीब आहेत, त्यांना हेही झेपणार नाही. त्यावर फॉयने सांगितले, तर मग सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे लावून द्या. मी दर आठवड्यास त्यांच्याकडे जाईन, आणि ज्याला देणे होणार नाही त्याची पेनी मी भरीन. इतरांनीही असेच अकरा-अकरा शेजारी वाटून घेतले.

आता पेनी मागावयास घरोघर जाणारा माणूस घरातले दृश्यही पाहतोच. काही आठवड्यांनी हे वसुलीदार वेस्लीला सांगू लागले की, अमका पुन्हा पिऊ लागला आहे, तमक्या घरात भांडण विकोपाला गेले आहे. वेस्लीच्या ध्यानात आले की, आपण इतके दिवस ज्याच्या शोधात होतो ते हेच. हजारो माणसांची विचारपूस एकट्या पाळकाच्याने होत नाही. पण बाराव्या माणसाला अकरांची होते. त्याच वर्षी लंडनलाही ही पद्धत सुरू झाली. लवकरच घरोघर जाण्याऐवजी सर्वांनी आठवड्यातून एकदा एका ठिकाणी जमावे असे ठरले. नोकरीवर राहणाऱ्यांना मालकाच्या घरी भेटणे अवघड होते, आणि दोघांत वितुष्ट असले तर समोरासमोर बसल्याखेरीज ते मिटत नसे, ही त्याची व्यवहारी कारणे.

वर्गाचे काम साधे होते. गीत, प्रार्थना, मग नायक प्रथम स्वतःचे सांगे, की ह्या आठवड्यात माझे मन कसे होते, कोठे घसरलो, कोठे सावरलो. आणि नंतर एकेकाला तेच विचारी. शेवटी पेन्या गोळा होत. नायक कोणी पंडित नसे. गवंडी, विणकर, खाणकामगार, दुकानदार, घरकाम करणारी बाई, कोणीही असे. प्रवेशाला मतांची परीक्षा नव्हती. पापातून सुटण्याची इच्छा एवढीच अट. मात्र ती इच्छा वागण्यात दिसली पाहिजे, म्हणून १७४३ मध्ये नियम छापले गेले : कोणाचे वाईट करू नये, होईल तितके भले करावे, उपासनेचे विधी चुकवू नयेत. ह्या तीन कलमांखाली चोरटा माल घेऊ नये, खरेदी-विक्रीत फार घासाघीस करू नये, भावाने भावाला कोर्टात खेचू नये, असे रोजच्या व्यवहाराचे बारकावे होते. दर तिमाहीस चौकशी होऊन सभासदाला छापील तिकीट मिळे. ते मिळाले नाही म्हणजे तो बाहेर पडला असे समजावे.

ही चौकशी किती कडक असे हे वेस्लीच्या रोजनिशीतील मार्च १७४३ च्या एका नोंदीवरून कळते. न्यूकॅसलच्या मंडळीतून त्याने ६४ जणांना वगळले. त्यांत १७ दारुडेपणासाठी, २ दारू विकण्यासाठी, २ शिवीगाळीसाठी, २ रविवार मोडण्यासाठी, ३ भांडखोरीसाठी, ३ सराईत खोटेपणासाठी, ४ दुसऱ्यांची निंदा करण्यासाठी, एक आळसासाठी, एक बायकोला मारल्याबद्दल, आणि उरलेले २९ जण केवळ हलगर्जीपणा व उथळपणा ह्यांसाठी. ह्याच नोंदीत आपण होऊन सोडून गेलेल्या ७६ जणांचीही कारणे आहेत, आणि आम्हांला तीच अधिक बोलकी वाटतात. कोणाला नवऱ्याने वा बायकोने येऊ दिले नाही, कोणाला आईबापांनी, कोणाला मालकाने. ९ जण लोक हसतात म्हणून गेले. तिघांना गावाकडून मिळणारा गरिबांचा भत्ता तुटण्याची धास्ती होती. दोघांना जागा लांब पडत होती, दोघांना एक विशिष्ट गृहस्थ मंडळीत आहे हे सोसवत नव्हते. आणि एक जण म्हणाला, देवाची सेवा करावयास अजून पुष्कळ वेळ आहे! दोनशे-ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या कोणत्याही मंडळाच्या चिटणीसाला ओळखीची वाटेल.

येथे एक आक्षेप उभा राहतो, व तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बारा जणांनी एकमेकांच्या आयुष्यात असे डोकावावे, ही आस्था म्हणावी की हेरगिरी? २९ माणसे ‘उथळ’ म्हणून काढली गेली. उथळपणा मोजला कोणी, आणि कोणत्या मापाने? विचारपूस आणि पाळत ह्यांतील अंतर फार थोडे असते, आणि नायक अहंकारी असेल तर ते उरतच नाही. वेस्लीलाही हे प्रश्न त्याच्या हयातीत विचारले गेले. ही पद्धत शास्त्रात सांगितलेली नाही, ती केवळ सोयीची म्हणून स्वीकारली आहे व अनुभवाप्रमाणे बदलता येईल, असे तो म्हणे. आमच्या मते ह्या पद्धतीला दोन गोष्टींनी तारले. पहिली ही की, नायक आधी स्वतःचे सांगत असे. दुसरी अशी की, ह्या नात्याचा आरंभच मुळी गरिबाची पेनी आपण भरू ह्या शब्दाने झाला होता. ज्याने आपले ओझे उचलले आहे त्याला आपली चूक विचारण्याचाही काही अधिकार पोचतो. ह्या दोन गोष्टी जेथे सुटल्या, तेथे वर्गाची चावडी झाली असेल ह्यात शंका नाही.

१७९१ मध्ये वेस्ली वारला तेव्हा ब्रिटन व आयर्लंड मिळून सत्तर हजारांहून अधिक सभासद होते. पण वर्गाचा परिणाम चर्चपुरता राहिला नाही. ज्याने कधी चार माणसांत तोंड उघडले नव्हते तो मजूर येथे बोलावयास, पैशाचा हिशेब ठेवावयास आणि दुसऱ्याचे ऐकून घ्यावयास शिकला. १८३४ साली डॉर्सेटमधील टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना केल्याबद्दल सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट प्रवचनकार होता. मतदानाचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीने तर लहान वर्ग, वर्गनायक आणि आठवड्याची पेनी ही सारी चौकट उचलली. उलट, पंथाचे वरिष्ठ मात्र अशा चळवळींपासून लांब राहण्याचा उपदेश करीत. म्हणून फ्रेंच इतिहासकार हालेव्ही ह्याने ह्या पंथामुळे इंग्लंडची क्रांती टळली असे प्रतिपादन केले, तर १९६३ मध्ये ई. पी. टॉम्प्सन ह्याने त्याने कामगाराला कारखान्याच्या शिस्तीत कसे जखडले ह्यावर बोट ठेवले. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. संस्था एकच, पण बारा माणसे बारा वाटांनी जातात.

एकोणिसाव्या शतकात वर्ग हळूहळू सुकला. त्याला कोणी बंद केले नाही. मंडळी सधन झाली, चर्चच्या इमारती मोठ्या झाल्या, घोड्यावरून फिरणारे उपदेशक जाऊन कायमचे पाळक आले, आणि विचारपूस हे पगारी माणसाचे काम ठरले. वर्गात त्याच त्या शब्दांत तीच ती उत्तरे येऊ लागली. तिकीट राहिले, वर्गणी राहिली. प्रश्न तेवढा गेला.

तरीही ही कल्पना जेथे नव्याने पेरली गेली तेथे उगवलीच. आपल्या मुंबईचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर १८७१ मध्ये अमेरिकन प्रवचनकार विल्यम टेलर मुंबईस आला. त्याने चर्च बांधावयास घेतले नाही; ऐकणाऱ्यांच्या घरोघरी लहान मंडळ्या स्थापिल्या. ही माणसे बहुतेक इंग्रजी बोलणारी होती. परदेशी मिशनचा पैसा न घेता आपल्या खर्चाने आपण चालावे, हा त्याचा आग्रह. १८७२ मध्ये ह्या मंडळ्यांतूनच मुंबईची मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. १८४८ पासून मुंबईत फकिरी वृत्तीने राहिलेले जॉर्ज बोवेन हेही पुढे तीत सामील झाले.

आणि मराठी मनाला सर्वांत जवळचे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अखेरच्या पर्वात, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत अशी त्यांची योजना होती. वेस्लीच्या वर्गाची ही नक्कल नव्हे. तिचा साज कीर्तन-अभंगांचा, आश्रमाचा. पण वेस्लीप्रमाणेच येथेही दारावर विचारले जाई ते मनाची ओढ आहे का एवढेच. १९१९ मध्ये टिळक निवर्तले आणि दरबाराला पुरता बहर येण्यास अवधी मिळाला नाही.

ह्या हकीकतीवरून आम्हांस जे दिसते ते थोडक्यात असे. श्रद्धा व्याख्यानाने जागी होते, परंतु व्याख्यानाने टिकत नाही. तिला दर आठवड्यास कोणीतरी नाव घेऊन विचारावे लागते. आणि विचारणाराने आधी स्वतःचे सांगून, अडल्यास समोरच्याची पेनीही भरावी लागते. हे आम्ही व्याख्यानाच्याच व्यासपीठावरून सांगत आहो, ह्यातील विसंगती आमच्या ध्यानात आहे. श्रोत्यांनी आज घरी जाताना शेजारच्या खुर्चीवरील माणसाचे नाव विचारले, तरी ती पुष्कळशी दूर होईल.