नाखुदांचा किनारा

वर्गात महाराष्ट्राचा नकाशा लावला की आम्ही मुलांना आधी किनारा दाखवतो. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सुमारे ७२० किलोमीटर. आपल्या राज्याची समृद्धी कारखान्यांच्या आधी बंदरांतून आली, हे त्यांना कळावे म्हणून.

सोपारा, कल्याण, चौल, दाभोळ ही बंदरे मुंबईच्या कितीतरी आधी गजबजलेली होती. इ.स. ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी अल-मसऊदी चौलला आला. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले. तेव्हा राज्य राष्ट्रकूटांचे होते. म्हणजे या किनाऱ्याशी आमचे नाते प्रथम व्यापाराचे आणि शेजाराचे आहे.

मुंबई १६६१ मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रज राजाला आंदण दिली. १६६८ मध्ये ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीकडे गेली. पुढे चीनच्या व्यापारात जमशेटजी जीजीभाय यांचे भागीदार होते मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान महंमद अली रोगे. पारशी, जैन, मुसलमान असा हा एकत्र कारभार. त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती, हेही मुलांपासून लपवू नये. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगाव-भिवंडीत माग मांडले.

१ मे १९६० रोजी राज्य झाले, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडकळीस आल्या, तर १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. आज राज्याची अर्थव्यवस्था देशात सर्वांत मोठी आहे.

या समृद्धीत आमचा घाम आहे, वाटा किती? २००१ च्या जनगणनेत राज्यातील मुसलमानांची साक्षरता सुमारे ७८ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीहून किंचित जास्त होती. मुले शाळेत येतात, पण दहावीनंतर गळतात. कुणी मागावर जातो, कुणी गॅरेजात, कुणी आखाताची वाट धरतो. हे आम्ही दरवर्षी डोळ्यांनी पाहतो.

२०२४ मध्ये डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा त्याला विरोध आहे; त्यांची रोजी बुडू नये, हे न्यायाचेच आहे. पण बंदर झालेच, तर तेथे अभियंते, हिशेबनीस, जहाजांचे अधिकारी लागतील.

उर्दूत ‘नाखुदा’ म्हणजे जहाजाचा कप्तान. मुंबईत नाखुदा मोहल्ला आजही आहे. मुले हा शब्द पाठ करतात, अर्थही सांगतात. पालकहो, त्यांना दहावीच्या पुढे आणखी चार-पाच वर्षे शिकू द्या. नाखुदा होण्याची वाट तेथूनच जाते.